तानसेन समारोहाला येताय? मग रात्रीचं जेवण दुपारीच उरका

डिसेंबरात गाणं ऐकायला ग्वाल्हेरला येणाऱ्या पाहुण्यांचा बेत बहुधा रात्रीच्या जेवणावर फिसकटतो. संध्याकाळची सभा, म्हणजे मैफलीचं सत्र, पत्रिकेत सहाची असते. पहिल्या दिवशी तानसेन अलंकरण हा पुरस्कार, सत्कार, भाषणं. गाण्याला तोंड फुटायलाच उशीर होतो. एरवीही सभेची सुरुवात शहरातल्या एखाद्या संगीत विद्यालयाच्या मुलांच्या धृपदाने होते, मग तरुण कलाकार, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही पुण्या-मुंबईहून आलात ते ज्येष्ठ गवई सगळ्यात शेवटी. ते तंबोरे जुळवायला घेतात तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. नेमकं तेव्हाच अर्धा मंडप 'हॉटेल बंद होईल' म्हणून उठतो. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल ऐकायचा की पनीर खायचं, हा प्रश्न मुळात येऊच द्यायचा नाही.

त्यासाठी दिवसाची मांडणी उलटी करा. सकाळची सभा दहाच्या सुमाराला सुरू होते आणि दीड-दोनपर्यंत चालते. तिथपासून सहापर्यंत चार तास हातात राहतात. मुख्य जेवण याच वेळात घ्या, आणि तेही पावणेतीन-तीनच्या सुमाराला. एक ते अडीच गर्दी असते. त्यानंतर टेबल लगेच मिळतं. मात्र बऱ्याच ठिकाणी दुपारी तंदूर विझवतात, म्हणून आत शिरतानाच शेवटची ऑर्डर कितीला घेता ते विचारा. आठ-दहा जण असाल तर प्रत्येकाने वेगळी भाजी मागवू नये. स्वयंपाकघर एका टेबलासाठी सहा कढया एकदम लावत नाही. पहिल्याचं जेवण आटोपतं तेव्हा शेवटच्याची भाजी येते. दोन भाज्या, एक डाळ, भात आणि रोट्या, किंवा सरळ थाळी. संध्याकाळी सभेला जाताना खिशात चिक्की आणि भाजलेले शेंगदाणे, बस्स. मात्र कागद कुरकुरणारा नको. आलापात तो खर्जापेक्षा मोठा ऐकू येतो.

लष्कर या शहराच्या भागात कुणाच्या घरी उतरला असाल तर रात्रीचा प्रश्न यजमानाने निघण्यापूर्वीच सोडवून ठेवावा. चार माणसांना दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मूगडाळ धुऊन निथळत ठेवायची. परत आल्यावर तूप-जिरं-हिंगाच्या फोडणीवर परतायची, हळद-मीठ घालून नऊ वाट्या उकळतं पाणी ओतायचं, तीन शिट्ट्या. पाणी आधीच थर्मासात भरून ठेवलेलं असलं की कोट काढून हातपाय धुवेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. गार पाणी घातलंत तर या थंडीत कुकरला वाफ धरायलाच खूप वेळ लागतो.

तारखा दरवर्षी बदलतात. कधी डिसेंबरचा मध्य, कधी नाताळचा आठवडा. 2024 साली समारोहाचं शंभरावं पर्व झालं. खोलीच्या भाड्याच्या दृष्टीने हा तारखांचा फरक मोठा आहे. इकडे 15-16 डिसेंबरला सूर्य धनु राशीत गेला की खरमास लागतो आणि संक्रांतीपर्यंत लग्नं बंद. त्याआधीच्या आठवड्यात शहरातल्या हॉटेलांच्या खोल्या वऱ्हाडांनी भरलेल्या असतात, रस्त्यावर वराती असतात. खरमास लागला की हॉटेलं एकदम मोकळी होतात, ती थेट नाताळच्या सुट्टीतल्या पर्यटकांपर्यंत. समारोह मध्यावर असेल तर पहिल्या रात्रीची खोली आधी पक्की करा, पुढच्या रात्री सहज मिळतील.

पाहुणे सगळ्यात जास्त टाळतात ती सकाळची सभा, आणि आमच्या मते चुकतात ते तिथेच. बाकी शहरांत मैफली संध्याकाळी होतात, त्यामुळे यमन, पूरिया, मारवा भरपूर ऐकायला मिळतात. तोडी, भैरव, जौनपुरी, अल्हैया बिलावल समोर बसून ऐकायची संधी विरळाच. इथे हजिरा भागात मियाँ तानसेनच्या समाधीशेजारी, सूफी संत मोहम्मद गौसांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्यांसमोर, कोवळ्या उन्हात मियाँ की तोडी ऐकायला मिळण्याची शक्यता असते. शुभारंभाच्या सकाळी शहनाई, हरिकथा आणि मिलाद (पैगंबरांची स्तुती) होतात, तेही चुकवू नका. समाधीजवळच्या चिंचेचं पान खाल्लं की गळा गोड होतो म्हणतात. त्या झाडाची पानं ओरबाडण्यापेक्षा रियाज करावा.

सकाळच्या सभेआधी न्याहारी बेडईची. उडदाच्या डाळीची भरड पिठी, हिंग-बडीशेपेसह कणकेत भरून तळलेली, सोबत बटाट्याची पातळ झणझणीत भाजी. साडेआठच्या आत गाठा. कढईतून थेट पानात आलेलीच घ्या. रचून ठेवलेल्या बेडईत पिठीची वाफ कोंडते आणि वरचं आवरण चामट होतं. माणशी दोन पुरेत. तीन खाऊन सभेत बसलात तर विलंबितात डुलकी ठरलेली. गोड हवं असेल तर नया बाजारात 'बहादुरा' या दुकानाचे तुपातले बुंदीचे लाडू आहेतच.

थंडीला हलक्यात घेऊ नका. रात्री पारा 7-8 अंशांवर येतो, लाट आली तर त्याहून खाली. मंडपाच्या बाजूंनी वारा शिरतो. कानटोपी, गुडघ्यावर शाल आणि लोकरी मोजे हवेतच. गादीवर बसायचं तर बूट काढावे लागतात आणि गारठा आधी तळव्यांतून चढतो. वाद्यांचेही हाल होतात. गारव्याने तारा आकसून सूर चढतो, मंचावरच्या दिव्यांची ऊब लागली की त्याच तारा सैल होऊन उतरतात. तबल्याचं उलट: दंवाची ओल धरली की पुडी ढिली पडते, दिव्यांखाली सुकली की चढते. म्हणून हातोडी पुन्हा पुन्हा चालते. ते जुळवणं शांतपणे ऐका, घड्याळाकडे बघू नका.

शेवटच्या दिवशी सकाळची सभा बेहटला, तानसेनच्या जन्मगावी, झिलमिल नदीकाठी. संध्याकाळची किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात. बेहट शहरापासून पंचेचाळीसेक किलोमीटर. धुक्यात गाडी हळूच चालते, म्हणून आठच्या आत निघा आणि परतीसाठी तीच गाडी ठरवून ठेवा. तिथे ऐनवेळी वाहन मिळेलच असं नाही. जेवणाचीही सोय धरून चालू नका. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिळाची चटणी आणि लोणचं न्या. पोळ्या या हवेत दुपारपर्यंत वातड होतात, दशम्या मऊ राहतात.

घरी न्यायची ती गजक. पाक ओढून ओढून पांढरट झाला की भाजलेले तीळ मिसळून मोगरीने कुटतात. खुसखुशीत थर त्या कुटण्यातून येतात. घेताना तुकडा मोडून बघा. कट्कन तुटली तर ताजी. दाताला चिकटली तर पाक कच्चा राहिलाय किंवा तिने ओल धरलीय. उघड्या परातीतली नको, घट्ट झाकणाच्या डब्यातली घ्या. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका, बाहेर काढताच दंव धरते. बॅगेत तळाशी गेली की पोचेपर्यंत भुगा होतो.

परतीची गाडी निवडताना ती निघते कुठून ते बघा. मुंबईहून येणारी पंजाब मेल मोकळ्या हवेतून येते, पण जाताना ती फिरोजपूरहून, पंजाब-हरियाणाचं धुकं कापत येते आणि तासन्‌तास उशीर होऊ शकतो. निजामुद्दीनहून सुटणारी, पुण्यावरून जाणारी गोवा एक्सप्रेस त्यामानाने बरी, कारण तिला धुक्याचा टापू कमी लागतो. तरी स्टेशनला निघण्याआधी गाडी कुठवर आली ते फोनवर बघा. फलाटावरच्या गारठ्यात तीन तास काढण्यापेक्षा यजमानाकडे आणखी एक चहा घेतलेला बरा.