तिथं भीती नाही वाटत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सुट्टीला सांगलीला आले की कुठल्या तरी लग्नाच्या पंगतीत आत्या विचारते, मामी विचारते, मामीच्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईही विचारतात : "जोहान्सबर्ग म्हणजे जिथं रोज खून पडतात तेच ना? भीती नाही वाटत गं?" बारा वर्षं मी "काही नाही हो, आपल्यासारखंच आहे" असं सांगून विषय बदलत आले.

आपल्यासारखं नाहीये. २०२२ साली भारतात साधारण २८,५०० खून नोंदले गेले. दक्षिण आफ्रिकेत २०२२-२३ या वर्षात साधारण २७,५००. आपण १४० कोटी, हे सहा कोटींच्या आसपास. ही तुलना मला बरीच वर्षं ठाऊक आहे आणि बरीच वर्षं मी ती पंगतीत काढलेली नाही.

पण माझा रोजचा दिवस त्या आकड्यासारखा नसतो, हेही तितकंच खरं आहे. सकाळी मुलीला शाळेत सोडते. पेट्रोलपंपावरचा माणूस काच पुसता पुसता "कशी आहेस?" विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबतो. शनिवारी फोर्ड्सबर्गला जाऊन कढीपत्ता आणि तूरडाळ आणते. ऑक्टोबरात जॅकरंडा फुलला की गाडीच्या टपावर जांभळा सडा पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा इथल्या ऑफिसातली माणसं मला विचारत होती, "तुझ्या गावात लोक राहतात तरी कसे?" मला राग आला होता. तुमच्या प्रश्नानं येतो तसाच.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते सांगते.

नोव्हेंबर २०१८. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, पाऊस चालू होता, मी लुई बोथा रस्त्यानं एकटी घरी येत होते. इथं सिग्नलला रोबो म्हणतात. रात्री रोबो लांबून लाल दिसला की गाडी हळू करत यायचं, म्हणजे पोचेपर्यंत हिरवा होतो आणि थांबावं लागत नाही, हे आल्या आल्या शिकवलं जातं. पर्स डिकीत ठेवायची, म्हणजे काच फोडून न्यायला काही दिसत नाही. काच खाली करायची नाही. बाई असो, मूल असो, कुणी जखमी दिसो, थांबायचं नाही, कारण तो सापळा असू शकतो. मी हे सगळं पाळत होते. त्या दिवशी पुढं एक गाडी होती म्हणून थांबावं लागलं. ती लाल असतानाच निघून गेली.

उजव्या काचेवर हात आपटला. बाई होती. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला, पायात एकच चप्पल. दुसऱ्या हातानं एक मूल छातीशी धरलेलं, चार-पाच वर्षांचं असेल, पाय खाली लोंबत होते. ती "प्लीज, सिसी, प्लीज" म्हणत होती. सिसी म्हणजे ताई. मुलाचं तोंड मला दिसलं नाही. झोपलं होतं की आजारी होतं की आणखी काही, मला माहीत नाही. मी तिच्याकडे न बघता तिच्या मागच्या अंधारात बघत होते, कुणी पुरुष उभा आहे का ते. कुणी दिसलं नाही. तरी मी लाल रोबो तोडला आणि निघाले. आरशात ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, धावलीसुद्धा नाही.

फोन डिकीत होता. पण पंधरा मिनिटांत मी घरी होते. फाटक बंद झालं, अलार्म लागला, फोन हातात आला. १०१११ हा पोलिसांचा नंबर इथं पोरासोरांनाही पाठ असतो. मी तो लावला नाही. मुलगी जागी होती, तिला दूध दिलं. सकाळी बघितलं तर काचेवर पाच बोटांचा ठसा वाळलेला होता. मी जुना पेपर ओला करून तो पुसला.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी अलेक्झांड्रा या गरीब, दाट वस्तीत राहतात. चार वाजले की त्या घड्याळाकडे बघू लागतात, कारण अंधार पडायच्या आत मिनीबस टॅक्सीतून उतरून घर गाठायचं असतं. सँडटन या श्रीमंत भागातल्या काचेच्या इमारती तिथून दिसतात. सहा महिन्यांनी मी त्यांना हे सांगितलं. वाटलं, म्हणतील, बरोबर केलंस. त्या भांडं विसळत होत्या. म्हणाल्या, "दार उघडलं नाहीस ते बरोबर. पण घरी जाऊन फोन करायचास." आणि पुढचं भांडं घेतलं. त्यांच्या भाच्याला गल्लीतच मारलं होतं, एका मोबाईलसाठी. तेही मला त्यांनी कामाला लागल्यानंतर तीन वर्षांनी सांगितलं.

तेव्हापासून तुमच्या प्रश्नाची मला चीड येते, आणि माझ्या उत्तराचीही. या देशात कामावर असलेले खाजगी सुरक्षारक्षक ५ लाखांहून जास्त आहेत, पोलीस त्याच्या निम्मेही नाहीत. ते रक्षक माझ्या गल्लीत आहेत, मावशींच्या नाहीत. खून झालेल्या त्या साडेसत्तावीस हजारांतले बहुतेक माझ्यासारखे नसतात, मावशींच्या भाच्यासारखे असतात. जुलै २०२१ मध्ये इथं झालेल्या दंगलीत साडेतीनशेवर माणसं गेली. तेव्हा तुमचे फोन मला येत होते, आणि मावशींच्या वस्तीत पाव मिळत नव्हता. "मला काही झालं नाही" हे तेव्हाही खरंच होतं.

आणि तरी मी स्वतःशी भांडते. सापळा असता तर? अशाच एका रोबोवर माझ्या ओळखीतल्या एकाची गाडी बंदूक दाखवून नेली आहे. मुलगी घरी वाट बघत होती. २०१२ साली नुकती आलेली मी थांबले असते, तिला नियम माहीत नव्हते. ती जास्त चांगली होती की नुसती अजाण होती, हे मला ठरवता येत नाही.

पर्स अजून डिकीतच असते. फोन मात्र आता मांडीखाली ठेवते.