नवी बॅटरीही उतरली, तेव्हा : गाडीतली करंटची गळती शोधण्याचा अनुभव

गाडीची बॅटरी बदलणं हे दहा नंबरच्या पान्याचं, फार तर वीस मिनिटांचं काम. ते झालं. त्यानंतर गाडी तीन दिवस उभी राहिली आणि चौथ्या दिवशी सेल्फ मारला तर पुन्हा तेच : नुसती कटकट आणि मीटरचे दिवे मंद. जुनी बॅटरी काढायला सांगणाऱ्या मेकॅनिकने मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचा मीटर) हातात घेतलाच नव्हता. ‘तीन वर्षं झाली ना, मग गेलीच,’ एवढ्यावर निकाल. याचा राग अजून गेलेला नाही, कारण बॅटरीचं वय हे काही निदान नव्हे.

मोजायचं ते असं. गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी काहीही सुरू न करता बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज बघायचं. साध्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येकाचे साधारण 2.1 व्होल्ट, म्हणून भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग इंजिन चालू करून पुन्हा बघायचं : 13.8 ते 14.5 असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा जनरेटर, बॅटरी भरतोय. चार्जरवर पूर्ण भरलेली बॅटरी काहीही न जोडता बाजूला ठेवली आणि 12.6 वर टिकली, पण गाडीत बसवल्यावर दोन-तीन दिवसांत उतरली, तर दोष गाडीत आहे. माझ्याकडे हेच झालं होतं.

गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉक, अलार्म थोडा करंट खातात. बहुतेक गाड्यांत तो 50 मिलिअँपच्या आत असतो. माझ्या मीटरवर 0.46 अँप होता. चोवीस तासांनी गुणा : रोज 11 अँपिअर-तास. बॅटरी 35 अँपिअर-तासांची. तीन दिवसांत खलास, हिशोब तंतोतंत जुळला.

आता ज्यात अख्खा दिवस गेला ते. हा 0.46 आकडा लगेच मिळत नाही. गाडी बंद केल्यावर तिच्यातले कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, एकेक करून झोपतात. आधी तीनेक अँप, मग एकाच्या आसपास, मग आणखी खाली. कुणाला दहा मिनिटं लागतात, कुणाला अर्धा-पाऊण तास. दार उघडलं, रिमोट दाबला, किंवा बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली जवळ आणली, की सगळे जागे आणि वाट पाहणं पुन्हा पहिल्यापासून. किल्ली घरात, गाडीपासून चांगली लांब ठेवा.

पुढे फ्यूज तपासायचे असतात, आणि फ्यूजबॉक्स केबिनच्या आत असेल तर ड्रायव्हरचं दार उघडंच ठेवावं लागतं. मग दाराच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने फिरवायची. दोनदा ‘टक’ वाजलं की गाडीला दार बंद झाल्यासारखं वाटतं. काम संपल्यावर दार लावण्यापूर्वी हँडल ओढून जीभ मोकळी करायला विसरू नका, नाहीतर दार आपटून जीभ वाकते.

मीटर लावायची पद्धतही महत्त्वाची. लाल वायर 10 अँपच्या भोकात, चकती अँपवर. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आवळलेल्या क्लॅम्पचा नट सैल करा, पण क्लॅम्प अजून काढू नका. मीटरचा एक चिमटा टर्मिनलच्या खुंटावर, दुसरा क्लॅम्पच्या वायरवर. दोन्ही घट्ट बसले की मगच क्लॅम्प अलगद वर उचला. असं केल्याने वीज क्षणभरही तुटत नाही. तुटली तर युनिट रीसेट होऊन जागे होतात. मीटर असा जोडलेला असताना इग्निशन किंवा सेल्फला हात लावायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.

मग मी जवळपास सगळे करतात ती चूक केली : एकेक फ्यूज उपसून आकडा खाली येतो का बघत गेलो. फ्यूज काढताना काही बिघडत नाही, पण परत बसवला की ते युनिट जागं होतं आणि आकडा पुन्हा तीन अँपवर. प्रत्येक फ्यूजमागे अर्धा तास. सहा फ्यूजमध्ये दुपार गेली आणि हाती काही नाही.

फ्यूज न उपसताही काम होतं. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघड्या धातूच्या जागा असतात, मोजण्यासाठीच ठेवलेल्या. आकडा स्थिरावला की क्लॅम्प परत खुंटावर बसवून मगच मीटर सोडवायचा, लाल वायर व्होल्टच्या भोकात घालायची, चकती मिलिव्होल्टवर फिरवायची आणि दोन टोकं त्या दोन जागांवर टेकवायची. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर काही मिलिव्होल्ट दिसतात, कारण फ्यूजलाही थोडा रोध असतोच. छोट्या 10 अँपच्या फ्यूजचा साधारण साडेसात मिलिओहम. माझ्याकडे ओळीने 0.0, 0.0, 0.1 येत गेले आणि आतल्या दिव्यांच्या 10 अँपच्या फ्यूजवर 3.2. भागाकार केला तर सुमारे 0.43 अँप. पाच वॅटचा दिवा बारा व्होल्टवर 0.42 अँप खातो, म्हणजे कुठेतरी एक दिवा जळतोय हे त्याच क्षणी कळलं. सगळे फ्यूज तपासायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

केबिनचे दिवे समोर विझलेले दिसत होते. उरले ग्लोव्हबॉक्स आणि डिकी. फोनवर व्हिडिओ सुरू करून फोन डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. चित्रणात झाकण बंद झाल्यावरही आतला स्टेपनीचा खड्डा पिवळ्या उजेडात लख्ख दिसत होता. डिकीच्या कुलपातला बारीक स्विच अडकला होता. दिवा काढला, गाडी झोपू दिली, आकडा 0.03.

सगळे फ्यूज शून्य दाखवूनही गळती असेल तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बघा. त्याची जाड वायर आतल्या फ्यूजबॉक्समधून जात नाही. कायम लावून ठेवलेला डॅशकॅम आणि बाहेरून बसवलेला अलार्म हे तर सगळ्यात आधी काढून पाहावेत.

उतरलेली नवी बॅटरी नुसती गाडी फिरवून भरेल असं समजू नका. अल्टरनेटर थोड्या प्रवासात ती पूर्ण भरत नाही, आणि अर्धी रिकामी राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट होत जातं, मग क्षमता परत येत नाही. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याचा करंट, म्हणजे 35 साठी साडेतीन अँप, चार्जरवर रात्रभर. मोकळी हवा हवी, ठिणगी नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

बदलताना आधी निगेटिव्ह काढा, बसवताना तो शेवटी. बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, म्हणून पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधीच सुटलेला असेल तर काही होत नाही.

खरेदीपूर्वी खुंटांची जाडी आणि पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला आहे ते जुन्याशी ताडून घ्या. जाड खुंट (पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह) 19.5 आणि 17.9 मिलिमीटरचे, बारीक 14.7 आणि 13 चे. बारीक खुंटावर जाड क्लॅम्प कितीही आवळला तरी हलतो. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत जी ईएफबी किंवा एजीएम प्रकारची (अशा गाड्यांसाठीची दणकट) बॅटरी होती तीच घाला, साधी लवकर मरते.

क्लॅम्पवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, द्रावण बॅटरीच्या झाकणांत जाऊ देऊ नका. कोरडं करून आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्लेट बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर, आणि खुणेपर्यंतची भर चार्ज झाल्यावर. अॅसिड कधीही नाही.

आणि अँप मोजून झाल्यावर मीटरची लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात घाला. ती अँपमध्येच राहिली आणि पुढच्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज बघायला टोकं लावली, तर मीटरच दोन टर्मिनलमधला शॉर्ट होतो.