काळी माती, शेवई आणि तुटलेला हँगर

बेळगावच्या आसपास आखत असलेल्या सायकलवाटेतला येळ्ळूर शिवाराचा दुवा अजून जुळलेला नाही. मार्कंडेय खोऱ्यातून निघून राजहंसगडाच्या पायथ्यावरून नंदिहळ्ळी, गर्लगुंजी करत खानापुरात मलप्रभेला भिडायचं, हा बेत मागच्या नोंदीत मांडला होता. बाकी सगळी आखणी पक्की आहे. अडलंय ते बळ्ळारी नाल्याच्या अंगाने जाणाऱ्या पाणंदीवर. परतीच्या पावसानंतर तिथे दुसरा हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा) तुटला, तोही पहिल्यासारखाच. त्यामुळे आजची नोंद बहुतेक त्यावरच आहे. पश्चिमेकडच्या तांबड्या वाटांचं शेवटी थोडक्यात येईल.

चिखलात सायकल अडकते हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण पावसाळाभर चिकटणारी माती आणि सुगीतली माती वेगळी. भातकापणीनंतर ट्रॉल्या पाणंदीत उतरतात, मळणीचं पिंजर, म्हणजे भाताचं काड, सांडतं आणि चाकांखाली मातीत मळलं जातं. भिंतीच्या गिलाव्याला गवत घालतात ते माती धरून राहावी म्हणून, आणि इथे नेमका तोच गिलावा तयार होतो. नुसती काळी माती फेकली तरी जाते. पिंजर मिसळलेली माती मात्र दोरीसारखी वळत जाऊन जॉकी व्हीलभोवती, म्हणजे डिरेलरच्या पिंजऱ्यातल्या चेन फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकांभोवती, गुंडाळली जाते.

पुढे काय होतं ते नीट पाहा, कारण दोन्ही वेळा क्रम हाच होता. खालचं जॉकी व्हील थांबतं, चेन पिंजऱ्यातून सरकत नाही. पाय जोर लावतच असतात, त्यामुळे वरून ओढली जाणारी चेन अख्ख्या डिरेलरला मागून वर खेचते. हँगर वाकतो, डिरेलर आत झुकतो आणि पुढच्याच फेऱ्यात आऱ्यांत जातो. हे सगळं पॅडलच्या अर्ध्या वळणात घडतं. म्हणजे हँगर चिखल मोडत नाही, अडकल्यावर मारलेलं ते अर्धं वळण मोडतं. डिरेलरमधला क्लच लावलेला असला तरी फरक पडत नाही. क्लच चेनची फडफड थांबवतो, हँगर वाचवत नाही.

टायर बदलून हा प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. फ्रेममध्ये चाकासाठी जागा ४५ मिमी आणि टायर ४० मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच मिमी मोकळी जागा. ३५ मिमीचे, विरळ आणि उंच गाठींचे टायर घातल्यावर ती पाच मिमी झाली. चेनस्टेपाशी (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांपाशी) साठायचा गोळा उशिरा साठू लागला हे खरं, पण जॉकी व्हीलचा गिलावा जसाच्या तसा. शिवाय हेच टायर पुढे जांभ्याच्या माळावर टणक लागतात, मनगटं दुखतात. ४० चेच परत चढवले आहेत. फ्रेमला आतून खाद्यतेलाचा हात फिरवण्याचा उपायही करून पाहिला. पहिला अर्धा किलोमीटर माती धरत नाही, नंतर तेल मातीबरोबर निघून जातं. एखादा छोटा पट्टा ओलांडायचा असेल तरच उपयोग.

टिकाऊ निघाली ती बांबूची पट्टी. बुरूडगल्लीतून आणलेली, वीतभर लांब, एका टोकाला चपटी तासलेली. रंग खरवडत नाही, लोखंडी पान्यासारखी घसरून आऱ्यांवर आदळत नाही, आणि तुटली तर दुसरी फुकटात होते. प्लास्टिकचे टायर लिव्हर या मातीत वाकतात. साफ करताना आधी तळातल्या बॉटम ब्रॅकेटमागचा (क्रँकच्या आसामागचा) गोळा काढायचा, मग सीटस्टेमधला (मागच्या वरच्या नळ्यांमधला), जॉकी व्हील सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर वरचा चिखल पुन्हा खाली पडतो. बाटलीतलं पाणी फक्त जॉकी व्हीलवर घालायचं, टायरवर नाही. ओला टायर लगेच नवी माती धरतो. मग मागचं चाक उचलून क्रँक हाताने फिरवून बघायची. हाताला अडकत असेल तर पायाला अडकणारच.

आता या वेळची खरी कमाई. ही माती सगळ्यात वाईट असते ती पावसात नाही, उघडीप पडल्यावर. पाऊस चालू असताना ती पातळ असते, चाकावरून ओघळते. पुरती वाळली की भेगा पडून दगडासारखी होते, मग आदळआपट होते पण अडकत काहीच नाही. मधले काही दिवस वैऱ्याचे, आणि वरून बघून ते कळत नाहीत, कारण पापुद्रा वाळलेला दिसतो. म्हणून पाणंदीच्या तोंडाशी पापुद्र्याखालची चिमूटभर माती काढायची आणि तळहातावर वळायची. तीन मिमीची, शेवईएवढी बारीक वळी न तुटता झाली तर आत जायचं नाही. त्या जाडीला येईपर्यंत तिचे तुकडे पडू लागले तर वाट चालण्याजोगी आहे. मातीच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिक लिमिट, म्हणजे माती वळता येण्याइतकी ओल किमान किती, ते काढतात ती हीच कसोटी, तीन मिमीसुद्धा तिथलेच. दोन ठिकाणी करा, एक चाकोरीत आणि एक मधल्या गवताच्या पट्ट्यावर. दोन्हींत बराच फरक निघतो, आणि गवताचा पट्टा चांगला निघाला तरी ट्रॉलीने तो कुठे चिरडलाय ते बघूनच निघा.

हँगरबद्दल. फ्रेमबरोबरच दोन जास्तीचे घेऊन ठेवा. ऑनलाइन मागवलेले ‘तोच नमुना’ म्हणून आलेले दोन हँगर इथे फ्रेमवर बसले, पण डिरेलरचं भोक सरळ नव्हतं. काचेवर ठेवल्यावर एक कोपरा हलत होता. गिअर लागेना म्हणून केबलवर दोन संध्याकाळी वाया गेल्या. बसवण्याआधी काचेवर ठेवून बघणं हे आता नियमातच घातलंय. फ्रेमच्या बोल्टवर निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक), डिरेलरचा बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटरला आवळायचा.

सरळपणा तपासायला महागडा गेज नसेल तरी चालतं. हँगरचे आटे एम १० गुणिले १ (१० मिमी जाडी, १ मिमी अंतर) असतात. बऱ्याच क्विक रिलीज मागच्या चाकांच्या आसाचे आटेही तेच. असं जुनं चाक घ्यायचं, त्याचा आस हँगरमध्ये हाताने पिळायचा. दोन चाकं शेजारी समांतर उभी राहतात. दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजायचं. चार मिमीपेक्षा जास्त फरक नको. वाकलेला हँगर याच चाकाला धरून हळूच सरळही करता येतो, पण एकदाच. अॅल्युमिनियम दुसऱ्यांदा वाकवलं की तडकतं. पुढच्या चाकाचा ९ मिमीचा आस मात्र घालू नका, आटे जातील.

वाटेतच तुटला तर चेन छोटी करून एकगिअरी करण्याचा सल्ला सगळे देतात. उभ्या ड्रॉपआउटच्या फ्रेमला (जिथे मागचं चाक पुढे-मागे सरकवता येत नाही) ते फार जपून करावं लागतं, कारण चेनचा ताण नेमका जुळत नाही. सैल राहिली तर उतरते, आणि जोर लावला की शेजारच्या मोठ्या दातेरी चकतीवर चढून आवळते. मागे मधली, सरळ रेषेतली चकती निवडा, पुढे लहान चक्र, आणि उभं राहून पॅडल मारू नका. येळ्ळूर शिवारातून डांबरी रस्ता गाठायला एवढं पुरतं. पश्चिमेला तुडयेकडे नाही पुरणार, तिकडे हँगर पिशवीत हवाच.

इथपर्यंत लिहिताना बेत असा होता की शेवईची कसोटी घेत घेत डिसेंबरात हाच दुवा पूर्ण करायचा. पण तोवर शिवारात मसूर, वाटाणा, हरभरा उभा असतो, आणि चिखल टाळायला बांधावर चढलं की पिकात पाऊल पडतं. ते करायचं नाही. तेव्हा जीपीएक्सच्या (वाटेच्या नकाशाच्या) दोन फायली करतोय, ‘ओली’ आणि ‘सुकी’. ओल्या फाईलमध्ये येळ्ळूरहून राजहंसगडापर्यंत डांबरीच, पाणंद नाही. सुक्या फाईलमध्ये पाणंद, आणि ती फेब्रुवारीपासून वळवाचा पहिला पाऊस पडेपर्यंत. वळवाच्या एका सरीने ती पुन्हा आठवडाभर बंद होते, हे फाईलच्या नावातच लिहून ठेवलंय.

पश्चिमेकडे हा त्रास नाही. बेळगुंदी, राकसकोप, तुडये या पट्ट्यात माती तांबडी, खाली जांभा, पाणी लवकर निचरतं. शिवारात सायकल खांद्यावर घ्यावी लागली त्याच आठवड्यात राकसकोपच्या जलाशयाकाठची मुरमाची वाट कोरडी, घट्ट आणि अतिशय सुरेख मिळाली. तिथला धोका निराळा. घट्ट पृष्ठावर वाटाण्याएवढे गोल जांभ्याचे खडे पसरलेले असतात, उतारावर वळताना पुढचं चाक त्यांच्यावरून सरकतं. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. ७५ किलोच्या स्वाराला ४० मिमी ट्यूबलेसमध्ये पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआय बरे वाटले. २८ ला रिम दगडाला लागली. ब्रेक पॅड सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) घ्या, रेझिनचे या लाल पुडीत भराभर झिजतात.

आणि हे लिहितानाच सुचलं: मलप्रभेचा दुवा उन्हाळ्यावर जात असेल, तर हिवाळ्यासाठी मार्कंडेय ते ताम्रपर्णी जोडता येईल. कुद्रेमानी, शिनोळी, देवरवाडीचा वैजनाथ, महिपालगडाची चढण, आणि पलीकडे कोवाडला नदी. कर्नाटक-महाराष्ट्र सीमा ओलांडावी लागते, माती मात्र बरीचशी तांबडीच राहते. चढणीला पुढे ३० दात्यांचं चक्र आणि मागे ३४ दात्यांची चकती पुरेल असा अंदाज आहे. कोवाडच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की तिथल्या पाणंदींची काय गत होते ते आधी बघायचं आहे. शेवईची कसोटी तिथेही घेणार. पहिली फेरी महिपालगडापर्यंतच, दोन हँगर आणि बांबूची पट्टी घेऊन.