गॅस बारीक कर

दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या खिडकीतून आवाज आला, "अगं, गॅस बारीक कर आधी!" आणि मी ताडकन उठून आमच्या स्वयंपाकघरात गेले. आमचा गॅस बंदच होता. दुधाचं नावही कुणी काढलं नव्हतं, तरी मला शेजारच्या पातेल्यात काठापर्यंत चढलेलं दूध स्पष्ट दिसलं होतं.

शाळेत शिकवलं होतं, विधानार्थी वाक्य माहिती देतं, आज्ञार्थी वाक्य हुकूम सोडतं. परीक्षेपुरतं ठीक. आमच्या घरी निम्म्या बातम्या हुकमातूनच कळायच्या. आजी माजघरातून म्हणाली, "वाटीभर तांदूळ जास्त लाव गं," की ओसरीवरचा पाहुणा जेवूनच जाणार हे आम्हा पोरांना समजायचं. कधीकधी पाहुण्याच्याही आधी. आणि "जा, मागच्या दारी खेळा"? म्हणजे आत काहीतरी ऐकण्यासारखं चाललंय. आम्ही आज्ञाधारक. मागच्या दारी जायचो आणि खिडकीखाली भिंतीला चिकटून बसायचो. आत्याचं ठरलेलं लग्न मोडल्याचं मला तिथेच कळलं. हातात सागरगोटे होते, ते वाजू नयेत म्हणून फ्रॉकच्या घेरात गच्च आवळून धरलेले.

प्राभाकर मीमांसकांकडे, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या, प्रभाकराचं मत मानणाऱ्या जुन्या पंडितांच्या उदाहरणात, असंच एक पोर आहे. मोठा माणूस म्हणतो, "गाम् आनय." दुसरा उठून गाय घेऊन येतो. मग "अश्वम् आनय," आणि घोडा येतो. पोर नुसतं बाजूला बसून बघतं आणि कुठला शब्द कशाचा ते शिकतं. त्याला कुणी काहीच सांगितलेलं नसतं! भाषा शिकण्याची ही उपपत्ती पंडितांना पटो न पटो, त्या पोराबद्दल मला फार आपलेपणा वाटतो. तेही खिडकीखालचंच.

'येथे थुंकू नये' अशी पाटी दिसली की मी अजूनही आधी भिंतीपासून ओढणी सावरते.

चहाचं आधण ठेवलं तेवढ्यात आईचा फोन. इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाली, "आणि हो, येताना पेरू नको आणूस आता." बाबांना पेरू लागतोच, तोही कच्चा, करकरीत, तिखटमीठ लावून. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला, चहा गाळला, मेथीची जुडी निवडायला घेतली.

अर्धी जुडी झाल्यावर हात थांबला.