लिनक्सवर मराठी संकेतस्थळ घडवताना

मराठी मजकुराचे संकेतस्थळ घडवणाऱ्याने रोजच्या कामासाठी लिनक्स वापरावे, असे माझे ठाम मत आहे, आणि पैशांची बचत हे त्यामागचे मुख्य कारण नाही. कळ दाबल्यापासून पडद्यावर जोडाक्षर उमटेपर्यंतचे टप्पे लिनक्सवर सुटेसुटे दिसतात. कळफलकाचा आराखडा, तो हाताळणारी आयबस ही व्यवस्था, फॉन्टची निवड करणारे फॉन्टकॉन्फिग आणि अक्षरांची जुळणी करणारे हार्फबझ हे सारे स्वतंत्र भाग आहेत, त्यामुळे एखादे अक्षर चुकीचे दिसले तर दोष कोणाचा हे आपले आपल्याला तपासता येते. हार्फबझ तर क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांत असल्याने इथे झालेला अभ्यास इतर प्रणालींवरील वाचकांसाठीही कामी येतो.

सुरुवात कळफलकापासून करावी. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये सेटिंग्जमधील कीबोर्ड या विभागात जाऊन मराठीसाठी इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण आराखडा जोडता येतो आणि सुपर व स्पेस या कळा एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते. रोमन लिपीतून टंकण्याची सवय असलेल्यांसाठी आयबसमध्ये फोनेटिक आणि आयट्रान्स हे पर्यायही आहेत, परंतु वेबचे काम करणाऱ्याने थोडा वेळ देऊन इन्स्क्रिप्टच शिकावे, कारण त्यात दाबलेल्या कळेचे कोणते युनिकोड चिन्ह (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) साठवले गेले हे नेमके ठाऊक असते. स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, ही त्याची रचना बोटांत लवकर बसते. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्या’ हवा असेल तर शिफ्टसह जे दाबून ऱ, मग डी दाबून हलन्त, त्यानंतर तिरप्या रेघेच्या कळेवरचा य आणि शेवटी ई दाबून काना, इतके सरळ ते काम आहे.

हा ‘ऱ्या’ अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, हा भेद केवळ रकाराच्या रूपावर उभा आहे. हे दुसरे रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत, म्हणून एका पद्धतीने लिहिलेला लेख दुसऱ्या पद्धतीने टंकलेल्या शोधात सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, हा फरक मिटवत नाही. त्यामुळे मजकूर साठवताना आणि शोधशब्द स्वीकारताना, दोन्ही ठिकाणी, दुसऱ्या प्रकाराचे रूपांतर पहिल्यात करणारी एक ओळ आपल्या कोडमध्ये असलीच पाहिजे. मजकूर स्वच्छ करण्याच्या नावाखाली सगळी अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकणारे तयार कोड मात्र इथे घातक ठरते, कारण ते झेडडब्ल्यूजे उडवते आणि आचाऱ्यांचे आचार्य होऊन बसतात.

‘ॲ’ची गोष्टही अशीच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याऐवजी अ लिहून त्यावर चंद्र टंकला, तर हार्फबझ वापरणाऱ्या ब्राउझरात मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उमटू शकते. तेव्हा हेही रूपांतर त्याच ओळीच्या शेजारी करून टाकावे.

पानाच्या वेबपत्त्यासाठी लेखाच्या शीर्षकाचे छोटे रूप करणारी बरीचशी तयार साधने युरोपीय भाषा समोर ठेवून लिहिलेली असतात. ती अक्षरांवरील जोडखुणा अनावश्यक समजून काढतात, आणि देवनागरीत वेलांटी, काना, हलन्त या सगळ्याच जोडखुणा असल्यामुळे ‘किल्ला’ या शब्दाचे ‘कलल’ होते. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील, म्हणजे मजकुरातील नमुने शोधणाऱ्या सूत्रांमधील, बॅकस्लॅश-डब्ल्यू हे चिन्ह तर फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर एवढेच ओळखते. त्याऐवजी युनिकोडच्या गुणधर्मांवरून अक्षरे आणि जोडखुणा असे दोन्ही वर्ग स्वीकारणारा नमुना लिहावा.

फॉन्टच्या बाबतीत पहिली गोष्ट म्हणजे पानाची भाषा सांगणाऱ्या लँग या गुणधर्मात ‘एमआर’ हा मराठीचा संकेत लिहिणे. अनेक मराठी पानांवर तिथे इंग्रजीचा संकेत तसाच राहिलेला असतो, हे पाहून खरोखर वाईट वाटते. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे असतात, आणि ज्या फॉन्टमध्ये ही रूपे दिलेली आहेत तो फॉन्ट या संकेतावरूनच ती निवडतो. आपल्या यंत्रावर मराठीसाठी कोणता फॉन्ट निवडला जातो हे एफसी-मॅच ही आज्ञा मराठीचा संकेत देऊन चालवली की कळते. प्रत्यक्ष पानावर कोणता फॉन्ट लागला, ते फायरफॉक्सच्या डेव्हलपर टूल्समधील फॉन्ट्स या भागात दिसते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्याचा मुक्ता हा फॉन्ट मला दीर्घ वाचनासाठी विशेष आवडतो. वजन कमी करण्यासाठी फॉन्टची छाटणी करताना केवळ देवनागरीचा पट्टा ठेवून चालत नाही. झेडडब्ल्यूजे हे चिन्ह, तसेच मराठीत आपण रोमन पद्धतीनेच वापरतो ते स्वल्पविराम, पूर्णविराम आणि अवतरणचिन्हे राहिली नाहीत, तर ती दुसऱ्याच फॉन्टमधून येतात आणि ओळ विसंगत दिसते. शीर्षकांना अक्षरांतर वाढवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने शिरोरेषा तुटते. ओळींमधले अंतर मात्र इंग्रजीपेक्षा मोकळे ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचा चौकोन मिळत असल्याने जोडाक्षरे अनेकदा विस्कळीत दिसतात. तेवढ्यावरून मजकूर बिघडला असे समजू नये, फाइल एडिटरमध्ये उघडून पाहावी.

लेखाचा पहिला काही मजकूर कापून यादीत दाखवायचा असेल, तर चिन्हे मोजून कापू नये. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा वाटतो, पण त्यात युनिकोडची १० चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत तो ३० बाइट व्यापतो. सातव्या चिन्हावर कापला तर ‘महाराष्’ असा पाय मोडलेला तुकडा उरतो. त्यापेक्षा ब्राउझरमध्येच असलेल्या, मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या इंटल सेगमेंटरला मराठीचा संकेत देऊन शब्दांच्या सीमा विचाराव्यात आणि तिथेच थांबावे.

वर्णानुक्रमाचा प्रश्न राहतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो आणि त्यामागून ‘क्ष’ व ‘ज्ञ’, पण युनिकोडच्या क्रमांकांनुसार लावले तर ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो आणि ‘ज्ञ’ने सुरू होणारे शब्द ‘ज’मध्ये शिरतात. ग्रंथसूची किंवा गावांची यादी अशा क्रमाने लावलेली असेल, तर बाराखडी पाठ असलेल्या वाचकाला हवी ती नोंद सापडत नाही. जावास्क्रिप्टमध्ये क्रम लावणाऱ्या इंटल कोलेटरला मराठीचा संकेत दिला की क्रम योग्य लागतो, आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १३व्या आवृत्तीपासून त्यासाठी लागणारी सर्व भाषांची माहिती मुळातच सोबत येते. यादी मोठी असेल तर हे काम पोस्टग्रेस या डेटाबेसकडे सोपवावे. त्याच्या १०व्या आवृत्तीपासून आयसीयू या भाषाविषयक नियमांच्या कोडसंग्रहावर आधारित मराठी क्रम वापरता येतो. लिनक्सची आवृत्ती बदलताना आयसीयूही बदलते, तेव्हा पोस्टग्रेसने क्रमाची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा दिला, तर आधी तो क्रम वापरणाऱ्या स्तंभांचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) पुन्हा बांधावेत आणि मगच नोंदवलेली आवृत्ती ताजी करावी.