लॅव्हेंडरच्या मुलखात हजिऱ्याचं पोलाद

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सला लोक लॅव्हेंडर बघायला जातात. आम्हीही बघितलं. जांभळं आहे, छान आहे, फोटो तुम्ही बघितलेलेच असणार. मार्सेय, आर्ल वगैरेही उरकलं. मला लिहायचंय ते कादराशबद्दल, कारण तिथे माझा आधी फुगा झाला आणि मग कोणीतरी टाचणी लावली.

तिथे द्युरान्स नदीच्या खोऱ्यात 'ईटर'चं काम चालू आहे. सूर्याच्या पोटात चालतं ते अणुसंमीलन, म्हणजे हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवणं, यंत्रात घडवून बघायचा हा प्रयोग. 1985 साली जिनिव्हात रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले तिथे बीज पडलं, करारावर सह्या झाल्या 2006 मध्ये. भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया, अमेरिका आणि युरोपीय संघ असे भागीदार. बघायला पैसे पडत नाहीत, आधी नोंदणी आणि सोबत पासपोर्ट एवढंच. पैसे टॅक्सीवाल्याने घेतले. तेवढ्यात मी पुण्याहून सुरतेला जाऊन, हजिरा बघून, उंधियू खाऊन परत आलो असतो.

हजिरा उगाच नाही आठवला. आत गाइडने एक भलीमोठी शेड दाखवली आणि म्हणाली, ही भारताची. सगळं यंत्र ज्या पोलादी भांड्यात बसणार ते क्रायोस्टॅट आपलं आहे: उंची-रुंदी साधारण तीस-तीस मीटर, वजन 3,850 टन. एल अँड टीने हजिऱ्यात त्याचे 54 तुकडे घडवले, ते जहाजाने मार्सेयजवळ उतरले आणि तिथून खास रुंद केलेल्या 104 किलोमीटरच्या रस्त्याने रात्री-रात्री इथे आले. तळाचा 1,250 टनांचा भाग मे 2020 मध्ये, म्हणजे आपण घरात बसून भांडी घासत होतो तेव्हा, क्रेनने उचलून खड्ड्यात बसवला. मी बायकोला कोपराने ढोसलं. ऊर अगदी भरून आला होता.

"आणि इथे ते जोडलं कोणी?" मी विचारलं. भारतीय वेल्डर, असं उत्तर ऐकायची तयारी करूनच.

"एका जर्मन कंपनीने. तुमच्या कंपनीने त्यांना काम दिलं होतं."

बायको हसली. मला जरा वेळ लागला.

पण सगळ्या कारभाराची गंमतच ती आहे. इथे देश मुख्यतः रोख वर्गणी देत नाहीत, सुटे भाग बनवून देतात, म्हणजे विद्या प्रत्येकाच्या घरी जाते. भारताचा वाटा साधारण नऊ टक्के, पण तंत्रज्ञान सगळं खुलं. मला हा सौदा फायद्याचा वाटतो. त्याची किंमतही दिसते. एकाच निर्वात पात्राचे (संमीलन ज्याच्या आत घडायचं त्या भांड्याचे) भाग कोरिया आणि युरोप बनवणार, मग कडा मापात नाहीत म्हणून दुरुस्त्या आल्या, आणि बसवलेला एक भाग 2023 मध्ये परत वर काढावा लागला. उलट आतला तापलेला वायू भिंतींपासून दूर धरणाऱ्या चुंबकांपैकी रशियाने बनवलेलं एक वेटोळं युक्रेनचं युद्ध पेटलेलं असतानाही जहाजाने येऊन पोचलं. आमच्याकडे सोसायटीत चार बिऱ्हाडांचं लिफ्टच्या खर्चावर एकमत होत नाही.

गटात एक फ्रेंच आजोबा होते. आत 15 कोटी अंश तापमान, काही मीटरवर चुंबकं उणे 269 अंशांवर, हे सगळं त्यांनी मान डोलावत ऐकलं आणि विचारलं, "मग वीज कधी येणार?"

"इथून कधीच नाही," गाइड म्हणाली. 50 मेगावॉट उष्णता आत घालून 500 बाहेर काढून दाखवायची, इतकंच ईटरचं काम. जनित्र नाहीच. ड्यूटेरियम-ट्रिटियमचे, म्हणजे हायड्रोजनच्या दोन जड प्रकारांचं इंधन घालून करायचे, खरे प्रयोगही आता 2039 मध्ये धरलेत. हे तिने न अडखळता सांगितलं, त्याचं मला कौतुक वाटलं. आजोबांनी शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघं खो खो हसत सुटली. भाषांतर करायला कोणी तयार होईना.

जाणार असाल तर परतीची टॅक्सी आधीच ठरवा. आमचा माणूस पाऊण तास उशिरा आला, मिस्त्राल वारा अंगावर घेत उभे होतो, आणि भाडं वर जास्तच मागितलं.