मनगटी घड्याळातून झोपेची अस्वस्थता : कोनावर आधारित मोजणीचा टप्पा

आतापर्यंतचे माझे सर्व काम हालचालीच्या तीव्रतेवर उभे होते. या टप्प्यात मी हाताच्या कोनावर आले आहे. रात्री एकूण किती तास झोप लागली या आकड्यापेक्षा त्या रात्रीतील सलग स्थिर कालखंड किती लांबीचे होते, हा आकडा अस्वस्थतेबद्दल कितीतरी अधिक सांगतो, असे माझे मत आता पक्के झाले आहे. हे मत कशावरून बनले, ते या नोंदीत मांडते.

साधन पूर्वीचेच आहे : बँगल.जेएस २ हे जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम करता येणारे घड्याळ. त्यातील हालचाल मोजणारा त्रिअक्षीय अ‍ॅक्सिलरोमीटर सेकंदाला १२.५ नोंदी देतो. आठ तासांच्या रात्रीत ३,६०,००० नोंदी होतात आणि तीन अक्षांचे मिळून प्रत्येक नोंदीला सहा बाइट धरले, तर फाइल सुमारे २.१६ एमबीची होते. घड्याळाच्या साठवणुकीत ती मावते. हे घड्याळ वापरणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र आधी तपासावी. घड्याळ मिनिटभर हलले नाही, की बॅटरी वाचवण्यासाठी दोन नोंदींमधील अंतर ८० मिलिसेकंदांवरून ८०० मिलिसेकंदांवर जाते. दिवसा पावले मोजणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, पण झोपेच्या अभ्यासाला हवी असलेली शांत मिनिटेच त्यामुळे विरळ नोंदली जातात, आणि प्रत्येक नोंदीसोबत वेळ न लिहिता केवळ नोंदींच्या संख्येवरून वेळ काढली, तर अख्खी रात्र आक्रसून जाते. ही सोय रात्रीपुरती बंद ठेवावी.

तीव्रतेवर आधारित पद्धतींमध्ये सर्वांत परिचित सूत्र कोल, क्रिप्की आणि सहकाऱ्यांचे, १९९२ सालचे. एखादे मिनिट झोपेचे की जागेपणाचे हे ठरवताना ते सूत्र त्या मिनिटासह आधीची चार आणि नंतरची दोन मिनिटे विचारात घेते, प्रत्येकाला वेगळे वजन देते आणि बेरीज ठरावीक मर्यादेखाली असेल तर झोप मानते. कल्पना सुरेख आहे, आणि त्या काळच्या उपकरणांत दर मिनिटाला एकच आकडा साठवता येत असताना यापेक्षा फारसे वेगळे काही करणे शक्यही नव्हते. आज कच्च्या नोंदी हाती असल्यामुळे व्हॅन हीस आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडलेली पद्धत वापरता येते. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण अ‍ॅक्सिलरोमीटरला सतत जाणवत असते, त्यामुळे हात स्थिर असताना तो क्षितिजाशी किती अंशांचा कोन करून आहे हे कळते. दर पाच सेकंदांची सरासरी घेऊन हा कोन काढायचा, आणि तो किमान पाच मिनिटे पाच अंशांपेक्षा जास्त बदलला नाही, तर तो काळ सलग स्थिरतेचा मानायचा. १२.५ हर्ट्झने पाच सेकंदांत बासष्टच्या आसपास नोंदी मिळतात, म्हणून सरासरीसाठी हा वेग पुरेसा ठरतो. मूळ पद्धत एकाच अक्षाचा कोन पाहते. मी तिन्ही अक्षांचे कोन काढते, कारण त्या अक्षाभोवतीच मनगट फिरले तर एकट्या कोनात तो बदल दिसत नाही.

दोन्ही पद्धतींमधला फरक सर्वांत स्पष्ट दिसला तो कोकणकन्या एक्सप्रेसमधील रात्री. वरच्या बर्थवर मला पनवेल सोडल्यावर लवकरच झोप लागली आणि पहाटेपर्यंत ती बऱ्यापैकी टिकली. घरी आल्यावर त्या रात्रीच्या नोंदी दोन्ही पद्धतींतून काढल्या. तीव्रतेच्या सूत्राने जवळजवळ संपूर्ण प्रवास जागेपणाचा ठरवला, कारण रुळांवरून येणारी थरथर त्याच्या हिशेबात हालचालच होती. कोनाच्या आलेखात मात्र लांबच लांब सपाट रेषा होत्या आणि गाडी मोठ्या स्थानकांवर थांबली तेथे कूस बदलल्याच्या पायऱ्या. थरथर वेगवान असते, दोन्ही दिशांना सारखीच असते आणि पाच सेकंदांच्या सरासरीत विरून जाते. शरीराने बदललेली स्थिती मात्र सरासरीनंतरही टिकून राहते. अस्वस्थता मोजायची तर जे टिकून राहते ते मोजायला हवे, हे त्या आलेखाने मला पटवले. प्रवासात झोपेच्या नोंदी घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा ही तुलना करून पाहावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता मुख्य मुद्दा. झोपेची कार्यक्षमता म्हणजे अंथरुणातील एकूण वेळेपैकी प्रत्यक्ष झोपेत गेलेला भाग, आणि ८५ टक्क्यांची मर्यादा त्यासाठी रूढ आहे. समजा, अंथरुणात ४८० मिनिटे गेली आणि त्यांतील ६० मिनिटे जागेपणाची होती, कार्यक्षमता ८७.५ टक्के, म्हणजे उत्तम. पण ती ६० मिनिटे पहाटे एकदाच आली, की तीन-तीन मिनिटांच्या वीस तुकड्यांत रात्रभर विखुरली, हे त्या टक्केवारीत दिसत नाही. पहिल्या प्रकारची व्यक्ती लवकर उठून कामाला लागू शकते. दुसऱ्या प्रकारची व्यक्ती सकाळी अंग मोडून उठते. म्हणून मी आता दोन आकडे लिहून ठेवते : रात्रीतील सर्वांत लांब स्थिर कालखंड आणि तासाला स्थिती किती वेळा बदलली.

या दोन आकड्यांनी उन्हाळ्याच्या रात्री उलगडून दाखवल्या. मे महिन्यात वीज जाऊन पंखा थांबलेल्या रात्री आणि पंखा चालू असलेल्या रात्री यांची झोपेची एकूण वेळ माझ्या नोंदीत फारशी वेगळी नाही, पण सर्वांत लांब स्थिर कालखंड सव्वा तासावरून पंचवीस मिनिटांच्या आसपास उतरलेला आहे. कारण समजण्यासारखे आहे. झोप लागताना शरीराचे आतील तापमान उतरावे लागते आणि ती उष्णता मुख्यतः हातापायांच्या त्वचेतून बाहेर जाते. खोलीतील हवा उष्ण आणि निश्चल असेल तर हे उत्सर्जन मंदावते, आणि शरीर कूस बदलून गादीचा गार भाग शोधत राहते. येथे एक खबरदारीही सांगायला हवी. स्थितीबदल शून्यावर आणणे हे ध्येय नव्हे. झोपेचे चक्र साधारण नव्वद मिनिटांचे असते आणि एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना निरोगी माणूसही कूस बदलतोच.

कोनाच्या पद्धतीलाही एक मोठी मर्यादा आहे आणि ती मनगटावर बांधलेल्या सर्वच साधनांची आहे : डोळे उघडे ठेवून निश्चल पडून राहिलेला माणूस त्यांना झोपलेलाच वाटतो. मेंदूच्या विद्युतलहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण एकत्र नोंदणाऱ्या तपासणीशी पडताळले असता ही साधने झोप चांगली ओळखतात, जागेपण मात्र कमी ओळखतात, हे वारंवार दिसून आले आहे. निद्रानाश असलेल्यांना याचा सर्वाधिक फटका बसतो, कारण झोप येईल या आशेने तेच सर्वांत जास्त वेळ स्थिर पडून असतात. यावर उपाय म्हणून मी घड्याळाच्या बटणाला एक काम दिले आहे. जागे असल्याचे लक्षात आले की एकदा दाबायचे. पडदा उजळत नाही, वेळ दिसत नाही, केवळ खूण नोंदली जाते. माझ्या खुणांपैकी कूस बदलल्याच्या आगेमागे आलेल्या खुणा आलेखाशी जुळतात. पहाटे तीन ते चारच्या दरम्यानच्या अनेक खुणा मात्र सपाट रेषेच्या मधोमध आहेत, आणि बटण नसते तर तो सारा वेळ माझ्या उत्तम झोपेत जमा झाला असता.

याच कारणाने सकाळी आधी वहीत झोपेची नोंद लिहायची आणि मगच घड्याळातील आकडे उघडायचे, हा क्रम मी कटाक्षाने पाळते. आकडा आधी पाहिला, तर स्मरण त्या आकड्याकडे झुकते. परिपूर्ण आकड्याच्या ध्यासापायी झोपच बिघडणाऱ्या लोकांचे वर्णन करण्यासाठी २०१७ साली संशोधकांनी ‘ऑर्थोसोम्निया’ हे नाव सुचवले. आपल्या छंदाला असलेला हा धोका खरा आहे.

गाढ झोप आणि स्वप्नझोप यांची मिनिटे दाखवणाऱ्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात लिहिते. ती मिनिटे हृदयाची गती आणि हालचाल यांवरून बांधलेला अंदाज असतो. प्रयोगशाळेत दर तीस सेकंदांना टप्पा ठरवताना प्रशिक्षित तंत्रज्ञांमध्येही पूर्ण एकमत होत नाही, विशेषतः हलक्या झोपेच्या पहिल्या टप्प्याबाबत. त्यामुळे एका रात्रीतील दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाला मी अर्थ देत नाही. घोरताना श्वास अडत असेल, तर हालचालीच्या नोंदीवरून काहीही निष्कर्ष काढू नये. तो विषय डॉक्टरांचा आहे.

पुढील टप्पा घोट्याचा आहे. सासऱ्यांचे पाय रात्री ठरावीक अंतराने झटके देतात असे सासूबाई सांगतात, आणि मनगटावरील घड्याळाला पायाची हालचाल दिसत नाही. झोपेतील अशा आवर्ती हालचालींची व्याख्या स्पष्ट आहे : प्रत्येक झटका अर्धा ते दहा सेकंदांचा, दोन झटक्यांच्या प्रारंभांमध्ये पाच ते नव्वद सेकंदांचे अंतर, आणि एका मालिकेत किमान चार झटके. पाच सेकंदांच्या सरासरीत असे झटके हरवतील, म्हणून येथे कोन बाजूला ठेवून कच्च्या नोंदींवरच काम करावे लागेल. ही व्याख्या मुळात नडगीवरील स्नायूंच्या विद्युतनोंदींसाठी बांधलेली आहे, तेव्हा माझ्या आकड्यांवरून निदान होणार नाही. तासागणिक मोजणीचा आलेख मात्र डॉक्टरांसमोर ठेवता येईल, आणि अस्वस्थ पायांचा लोहाच्या कमतरतेशी संबंध असू शकतो म्हणून फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करावी का, हेही त्यांना विचारता येईल. घोट्याला बसेल असा रुंद, मऊ पट्टा शिवून तयार आहे. सासऱ्यांनी तो एक दुपार बांधून पाहिला आणि टोचत नसल्याचे सांगितले आहे.